चला, सहज जाऊन येऊ

व्हाइटफील्डमधल्या आमच्या संकुलातली मराठी मंडळी अधूनमधून 'सहज' डोसा खायला जायचं ठरवतात. ठरवण्यात ती वाकबगार आहेत. जाण्याचं पुढे बघू.

हॉटेलबद्दल अट एकच असते. गल्लीतलं हवं, साधं, जुनं, घरगुती. उगाच भपका नको. एवढं एकमताने मंजूर झालं की पोटकलमं सुरू होतात. गाडी लावायला जागा हवी. बारा जणांना एकत्र बसता आलं पाहिजे. आजींसाठी कमोड, बाळासाठी उंच खुर्ची, काकांसाठी पंखा, पण वहिनींच्या डोक्यावर पंखा नको. शिवाय फार गर्दी नसावी. हे सगळं मिळतं त्या जागेला आपल्याकडे मंगल कार्यालय म्हणतात.

खरं तर गेटबाहेर पन्नास पावलांवर एक दर्शिनी आहे. दर्शिनी ही बंगळुरूचीच देणगी. १९८३ साली जयनगरात कॅफे दर्शिनी निघालं आणि उभ्याने खाऊन दहा मिनिटांत वाटेला लागायची पद्धत शहरभर पसरली. गल्ल्यावर पैसे द्या, टोकन घ्या, ते काउंटरवर सरकवा, की तव्यापाशी उभा असलेला माणूस डोळे वर न करता डोसा उलथतो. छातीएवढ्या उंचीचं गोल टेबल, चटणीची बादली, स्टीलच्या पेल्यात फेसाळ कापी. सकाळी सातला तिथे आमचा वॉचमन, दोन कॅबवाले आणि एखादा निवृत्त जज शोभेल असा गृहस्थ एकाच टेबलाशी उभे असतात. त्यासाठी कुणी व्हॉट्सॲपवर पोल घेतलेला नसतो.

आमची मंडळी तिथे जात नाहीत. कारण विचारलं तर उत्तर तयार आहे : "तिथे काय, तिथे कधीही जाता येतं."

म्हणजे गल्लीतलं हॉटेल हवं, पण गल्ली दुसऱ्याची हवी. त्यातही बसवनगुडीची असेल तर उत्तम. तिथल्या गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ पासून आहे. शेजारपाजारच्या विद्यार्थ्यांची सोय म्हणून ते निघालं. आता त्यांची नातवंडं रविवारी दाराबाहेर नाव लिहून ताटकळतात. आतला वेटर मनगटापासून खांद्यापर्यंत डोशांच्या बशांची उतरंड रचून येतो आणि एकही न सांडता वाटत सुटतो. हे पाहण्यासाठी वीस-बावीस किलोमीटर जायला माझी अजिबात हरकत नाही. हरकत रस्त्याची असते. टॉमटॉम कंपनीने २०२२ साली मोजलं, तेव्हा शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होती. वरचे १० सेकंद बहुधा नाश्त्यासाठी ठेवले असावेत.

मेट्रोने हा प्रश्न सुटतो. व्हाइटफील्डहून जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिक, तिथून हिरव्या मार्गाने नॅशनल कॉलेज, मग थोडं चालणं. पण प्रश्न सुटला की आमच्याकडे अस्वस्थता पसरते. "मग गाडी घेतली कशाला?" असं एकाने विचारलं. दुसरीचा मुद्दा जास्त गंभीर होता : गांधी बाजारापर्यंत जाऊन भाजी न घेता परतायचं का, आणि घेतली तर जांभळ्या गाडीत ती मांडीवर धरायची कोणी?

एकदा तर तारीखही ठरली. शुक्रवारची सुट्टी, शनिवार-रविवार जोडून आलेले. एका उत्साही भाच्याने एक्सेलमध्ये निघायच्या वेळा, गाड्या, कोण कुणाशेजारी बसणार नाही, हे सगळं भरलं. एक रकाना तेवढा राहिला. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असतं. हा काही गुप्त ठराव नाही, गांधी बाजारात कुणालाही विचारा. ताबडतोब एमटीआरचा पर्याय आला. लालबागजवळचं हे दुकान १९२४ पासूनचं; महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून तिथे रव्याची इडली निघाली, असं एमटीआरवाले सांगतात. युद्ध चालू असताना माणसांनी नवा पदार्थ शोधून लोकांच्या पानात वाढला, आमचं निघायच्या वेळेवरच अडलं. शेवटी सगळ्यांना सोयीचा निघाला पुढचा सोमवार. सोमवारी एमटीआर बंद.

मग शंकरपुरमचं ब्राह्मिन्स कॉफी बार सुचलं. ते रविवारी बंद, आणि उघडं असलं तरी तिथे सांबार देत नाहीत. इडलीवर चटणी, हवी तितकी. "सांबार नाही म्हणजे?" हा एका काकूंचा सवाल, त्यावर ग्रुपवर चाळीसेक मेसेज पडले. १९६५ पासून लोक तिथे रस्त्यात उभे राहून सांबाराशिवाय सुखाने खातायत, हे सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

अशा वेळी आमच्यातले पुण्याचे काका पुढे येतात. इतकी वर्षं बंगळुरूत राहून त्यांचं कन्नड 'गोत्तिल्ला'च्या, म्हणजे 'ठाऊक नाही'च्या, पुढे गेलेलं नाही, पण डोशावर अंतिम निकाल त्यांचाच. "वैशालीची सर नाही कशालाच," असं ते म्हणतात आणि फर्ग्युसन रस्त्याच्या दिशेने, म्हणजे बाल्कनीबाहेर, बघतात. वैशालीचं आधीचं नाव 'मद्रास हेल्थ होम' आणि ती नावारूपाला आणणारे जगन्नाथ शेट्टी मूळचे कारकळकडचे, ही माहिती मी त्यांना देणार होतो. वहिनींनी डोळे वटारले.

तर सध्याची स्थिती अशी. गर्दी टाळायला पहाटे पाचला उठायचंच आहे, तर बंगळुरूतच का, असा विचार पुढे आलाय. मैसूरला जाऊ, मैलारीचा डोसा खाऊ. मार्च २०२३ मध्ये नवा द्रुतगती मार्ग सुरू झाला तेव्हा ७५ मिनिटांत मैसूर असं सांगितलं होतं. ती ७५ मिनिटं शहर संपल्यावर मोजायला घ्यायची असतात, व्हाइटफील्डहून शहर संपायला किती लागतात ते धरलेलं नाही. भाच्याने नवी एक्सेल उघडली आहे. त्यात वार आणि बंदचा दिवस असा रकाना या वेळी पहिलाच आहे, आणि सर्वांनी आपापली गैरसोय शुक्रवारपर्यंत कळवायची आहे.