दोन रेशनकार्डं, एकच फोटो

बॅकअपचं शास्त्र शिकायला कुणी बंगळुरूला जाऊ नये. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात यावं. 2016 साली जिल्ह्याचे तुकडे झाले आणि केरामेरी मंडल आसिफाबादच्या वाट्याला गेलं. त्या मंडलाच्या डोंगरकडेला चौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो, ही चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली. तेलंगणा म्हणतं, आमची. परमडोली, महाराजगुडा वगैरे. लोक बहुतेक मराठी बोलणारे. हातात दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. मुलांना मराठी शाळा हवी तर ती आहे, तेलुगू हवी तर तीही आहे. महाराजगुड्यातल्या एका घराच्या तर चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात! एका सरकारने हात वर केले तरी दुसऱ्याकडची प्रत शाबूत. जमिनीचा पट्टा मात्र वर्षानुवर्षं मागूनही हातात पडत नाही. कशाची प्रत काढायची, हे शेवटी सरकारच ठरवतं ना!

कागदाच्या बाबतीत आम्ही आदिलाबादकरही काही कमी नाही. मीसेवा केंद्रात एक प्रत मागतील म्हणून आधारच्या पाच झेरॉक्स नेतो. पट्टादार पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला. आणि मुलीच्या लग्नाचे फोटो? ते धाकट्या भाऊजींच्या मोबाइलमध्ये. भाऊजींचा मोबाइल? तो सध्या दुरुस्तीला.

विचारलंच तर उत्तर तयार असतं, “गुगलवर आपोआप जातात हो सगळे!” जात होते. 1 जून 2021 पासून गुगलने फोटोंचं अमर्याद अन्नछत्र बंद केलं. आता फुकटात मिळते 15 जीबी जागा, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. अँड्रॉइडवाल्यांच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. म्हणजे बाळाचं पहिलं पाऊल आणि काकांनी रोज पहाटे पाठवलेले सुप्रभातचे गुलाब यांची वस्ती एकाच खोलीत. काका पहाटे पाचला उठतात, बाळ आठला. जागा कोण धरणार ते उघड आहे. जागा भरल्याची सूचना येते, आपण ती अंगठ्याने बाजूला सारतो, आणि त्या दिवसापासून काहीही आपोआप जात नाही.

मग घरातला हुशार भाचा मदतीला धावतो. मोबाइल हँग होतोय म्हणून फोटो अॅपमधूनच जुने फोटो भराभर पुसतो. “काळजी नको मामा, वर आहेत ना!” वरचेही गेलेले असतात. कारण तिथे दोन प्रती नसतात, एकाच फोटोला दोन खिडक्या असतात. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत 60 दिवस थांबतो. मामांना आठवण होते ती पुढच्या दिवाळीला.

खात्याचीही तीच तऱ्हा. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच्या नावावर जातो आणि ओटीपी त्याच्या घरी पोहोचतात. दोन वर्षं न उघडलेलं खातं सामानासकट पुसण्याची मुभा गुगलने डिसेंबर 2023 पासून स्वतःला घेतली आहे.

हा गबाळेपणा फक्त आपलाच, असं वाटून कुणी खचू नये. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी नोकरांच्या सामायिक ड्राइव्हवरचा 858 टेराबाइटचा दस्तऐवज जळाला. दुसरीकडे प्रत नव्हती. का? तर साठा फार मोठा होता! अशी कारणं देणाऱ्या साहेबाला आमच्या जिल्हा कचेरीत परक्यासारखं मुळीच वाटणार नाही.

उलट बाजूही बघा. 1940च्या दशकात हाइमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ इथल्या मारलावाईत राहिला आणि त्याने राजगोंडांचे फोटो काढले. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, किनवट-राजुरा तोडून मुंबई राज्याला जोडले, आंध्र झालं, तेलंगणा झालं. ते फोटो आजही लंडनच्या सोआस संस्थेत नीट आहेत. पणजोबा लंडनमध्ये सुखरूप आणि पणतू मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर!

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मोबाइल, हार्डडिस्क आणि ऑनलाइन खातं, एवढ्यात भागतं. हार्डडिस्क त्याच ट्रंकेत ठेवा, किल्ली आहेच. खात्याला चालू नंबर जोडा, पासवर्ड घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. आणि काकांना दुखवायचं नसेल, तर निदान व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमधलं फोटो आपोआप उतरवणं आज रात्रीच बंद करा.