फॅक्टरी व्हिजिट : यांगून

वार्षिक सर्वसाधारण सभेतला आपला भागधारक हा मुळात सज्जन माणूस. डिमॅटमध्ये कंपनीचे वीसएक शेअर, त्यातले निम्मे बोनसचे. सभा आता पडद्यावर भरते, ‘स्पीकर शेअरहोल्डर’ म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. मॉडरेटर नाव पुकारतो आणि काका म्यूट काढायला विसरून पहिलं अर्धं मिनिट नुसते ओठ हलवतात. उरलेल्या अडीच मिनिटांत अहवालाच्या मुखपृष्ठाची तारीफ, सेक्रेटेरियल खात्याने फोन उचलला म्हणून आभार, लाभांश जरा वाढवा अशी लाडिक मागणी, सभागृहात मिळायच्या त्या नाश्त्याच्या पाकिटाबद्दल हळहळ आणि शेवटी, ‘सर, फॅक्टरी व्हिजिट कधी?’ अध्यक्ष हसतात आणि ‘नोंद घेतली’ म्हणतात.

या फॅक्टरी व्हिजिटच्या यादीत अदानी पोर्ट्सचं यांगूनचं बंदर कधी आलं नाही. आलं असतं तर सहल ज्ञानवर्धक झाली असती.

मे २०१९ मध्ये कंपनीने म्यानमारमध्ये सुमारे २९ कोटी डॉलर गुंतवून कंटेनर टर्मिनल बांधायचं जाहीर केलं. जागा भाडेपट्ट्याने घेतली ती म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशनकडून, आणि ही कॉर्पोरेशन तिथल्या लष्कराची. म्यानमारचं लष्कर एकट्या अर्थसंकल्पावर जगत नाही. त्याचे स्वतःचे दोन मोठे उद्योगसमूह आहेत आणि अनेक वर्षं देशातली सर्वाधिक खपाची बीअरही त्यांतल्या एकाच्या भागीदारीत निघायची. याच लष्कराने २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पिटाळलं होतं. जुलै २०१९ मध्ये सरसेनापती मिन आँग लाइंग भारत दौऱ्यावर आले, कंपनीचं मुंद्रा बंदरही पाहून गेले. म्हणजे फॅक्टरी व्हिजिट झाली, फक्त पाहुणा भागधारक नव्हता.

१ फेब्रुवारी २०२१ ला याच सरसेनापतींनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. तिथल्या लष्करी नेतृत्वाशी आपला संबंध आलेला नाही, असं कंपनीने सांगितलं. मग मुंद्र्यातल्या भेटीगाठींची छायाचित्रं बाहेर आली. तो सरकारी दौरा होता, मुंद्रा त्यातला एक थांबा, असा खुलासा झाला. चालायचंच, मोठ्या घरी पाहुण्यांची वर्दळ असते.

भागधारकांचा जीव भांड्यात पडावा म्हणून कंपनीने त्या मे महिन्यात हिशोबही मांडला. म्यानमारमध्ये १२.७ कोटी डॉलर गुंतलेत, त्यातले ९ कोटी जमिनीच्या भाडेपट्ट्याचे आगाऊ. सगळं सोडावं लागलं तरी एकूण मालमत्तेच्या १.३ टक्केच. इतकी सदसद्विवेकबुद्धी ताळेबंदाला सहज पेलते.

तिकडे नॉर्वेत मात्र केएलपी या निवृत्तिवेतन कंपनीला ही १.३ टक्क्यांची गोष्ट जड गेली आणि जून २०२१ मध्ये तिने अदानी पोर्ट्सचे शेअर विकून टाकले. त्याआधी एप्रिलमध्ये एस अँड पी डाऊ जोन्सने कंपनीला आपल्या शाश्वतता निर्देशांकातून काढलं होतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीने बाहेर पडायचं ठरवलं. मे २०२३ मध्ये बंदर ३ कोटी डॉलरला गेलं आणि बाराशे कोटी रुपयांच्या वर खड्डा पडला. ओस्लोतल्या निवृत्त कारकुनाच्या पैशाला जे दिसलं, ते डोंबिवलीतल्या निवृत्त कारकुनाला तोट्याच्या तळटीपेतच भेटलं.

भागधारकांनी सभेत लाभांश थांबवल्याचं उदाहरणही म्यानमारमध्येच सापडतं. अंदमान समुद्रातल्या यादाना क्षेत्राचा गॅस थायलंडकडे नेणाऱ्या वाहिनीच्या कंपनीत टोटल, शेवरॉन, थायलंडची पीटीटीईपी आणि म्यानमारची सरकारी तेल कंपनी असे चार भागधारक. सत्तापालटानंतर पैसा जनरलांकडे जातोय अशी ओरड झाली. तेव्हा १२ मे २०२१ च्या सभेत टोटल आणि शेवरॉनने ठराव आणला की कोणालाच लाभांश द्यायचा नाही, आणि तो मंजूर झाला. आपल्या काकांना ही बातमी बसवून, पाणी देऊन मगच सांगावी. अर्थात या साधुत्वालाही पूर्वपीठिका आहे. ही वाहिनी टाकताना पहाऱ्यावरच्या लष्कराने गावकऱ्यांना वेठीला धरलं, असा दावा १९९६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात युनोकल कंपनीवर लागला होता. २००५ मध्ये तो पैसे देऊन मिटला आणि त्याच वर्षी युनोकल शेवरॉनच्या पोटात गेली.

बर्मा आणि मुंबईचा शेअरबाजार यांचं नातं तसं जुनंच. सागवानाच्या हिशोबावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला तिथल्या राजाने दंड ठोठावला, इंग्रजांना निमित्त मिळालं, १८८५ मध्ये युद्ध झालं आणि थिबा राजा रत्नागिरीत येऊन पडला. कंपनी हात बदलून आजही बाजारात सूचिबद्ध आहे. राजवाडा पाहायला पर्यटक जातात, शेअरचा भाव पाहायला मोबाईल पुरतो.

प्रश्न विचारायचा म्हटलं तर कायदा काय देतो? अमेरिकेत दोन हजार डॉलरचे शेअर तीन वर्षं सांभाळले की ठराव मांडता येतो, तो टाळायला कंपनीकडे पळवाटाही आहेत. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात त्यासाठी एक दशांश मतशक्ती हवी. ओएनजीसीसारख्या कंपनीत एवढे शेअर ज्याच्याकडे असतील, तो ठराव कशाला आणेल? फोन करेल.

ओएनजीसीचं नाव उगाच घेतलेलं नाही. तिच्या ‘विदेश’ या उपकंपनीचा म्यानमारच्या श्वे गॅसक्षेत्रात १७ टक्के वाटा आहे, गेलचा साडेआठ, आणि शेजारी भागीदार म्हणून लष्करी राजवटीच्या ताब्यातली तीच सरकारी तेल कंपनी, जिच्यावर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्बंध घातले. ओएनजीसीत एलआयसीचा मोठा वाटा. म्हणजे कन्येच्या लग्नासाठी घेतलेली पॉलिसीही कुठूनतरी राखाईनच्या किनाऱ्याला लागते.

पण तीन मिनिटं तर मिळतात. सभेआधी ईमेलने प्रश्नही पाठवता येतो. श्वेच्या गॅसमधून त्या सरकारी कंपनीच्या पदरात वर्षाला किती पडतं, आणि निर्बंध आणखी वाढले तर बाहेर पडायची तयारी काय, एवढं विचारायला मुखपृष्ठाची तारीफ थोडी आखडती घ्यावी लागेल. ज्याच्याकडे शेअर नाहीत पण एसआयपी आहे, त्याच्या वतीने फंडाने मत कुठे टाकलं हे फंडाला जाहीर करावंच लागतं. ती यादी फंडाच्या संकेतस्थळावर असते, जरा खाली, जिथे सहसा कोणी जात नाही तिथे.