ओळखीचा चेहरा

अनोळखी गल्लीत शिरताना मी चेहरा बदलते. भुवया किंचित वर, नजर समोर, आणि चाल अशी की इथल्या दूधवाल्याकडे आमचं पिढीजात खातं आहे. हा चेहरा मी कमावलेला आहे, म्हणून त्याचा भारी गर्व. बनारसमध्ये तो जेमतेम कचौडी गल्लीपर्यंत टिकला. "पूना से हैं? दुर्गाघाट पर आप ही लोगों के पुराने घर हैं," पानवाला म्हणाला. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

तशी तिथे वाट चुकायचं कारण नाही. गंगा इथे उत्तरवाहिनी, घाट पश्चिम काठावर. सकाळचं ऊन जिकडून येईल तिकडे नदी. पण त्या गल्ल्यांत ऊनच उतरत नाही, आणि मोबाइलच्या नकाशातला निळा ठिपका कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. भरवशाचे वाटाडे म्हणजे 'राम नाम सत्य है' म्हणत जाणारी मंडळी. त्यांच्यामागे गेलं की मणिकर्णिका घाट हमखास येतो. आपल्याला इतक्यात पोचायचं नसतं, एवढंच.

अनोळखी गल्ल्यांत वाटेइतकेच पैसेही सांभाळावे लागतात, तेव्हा चोरकप्प्याबद्दल बोलायलाच हवं. सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत, हा आमच्या घरचा कुलधर्म. सुट्टे पर्समध्ये, थोडे पिशवीच्या तळाशी, आणि मोठ्या नोटा आईनं सलवारीला आतून शिवलेल्या कप्प्यात. कप्प्याला बटण, बटणावर सेफ्टीपिन आणि वर तिचा एक अविश्वासाचा टाका. चोराला तो सापडत नाही हे खरं. मलाही सापडत नाही. कचोरी-जिलबी हादडल्यावर सुट्टे संपलेले, मोबाइलला रेंज नाही. भिंतीकडे तोंड करून मी जी झटापट केली, ती पाहून दुकानदारानं नजर वळवली आणि म्हणाला, "रहने दीजिए माताजी, लौटते में दे दीजिएगा." माताजी!

रात्री गंगाआरतीनंतर गर्दी पांगली. गल्लीत दिवे कमी, मागे चपलांचा आवाज. मी फोन कानाला लावून मोठ्यानं म्हटलं, "हां भैया, आ गई, आप दरवाज़े पर ही हैं ना?" पलीकडे कुणी नव्हतं. चपला एका दारात वळल्या. बिचारा घरीच निघाला होता. मला ओशाळल्यासारखं झालं आणि रागही आला, त्याच्यावर नव्हे. पुरुष दिशाहीन हिंडला की ती भटकंती, तिचं पुढे पुस्तकही निघतं. मी मात्र रमतगमतसुद्धा कामावर निघाल्यासारखी जायचं. विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८०च्या सुमारास बांधवलं अहिल्याबाईंनी, झाशीच्या राणीचा जन्म इथलाच, आणि त्याच गावात मला घरी पोचायला खोटा भैया लागतो!

सकाळी नोट मुठीत धरून कचोरीवाल्याकडे निघाले. दुकान सापडेना. चेहरा गुंडाळून ठेवला आणि वाट विचारली. पाच जण जमले, पाच दिशा निघाल्या, जोरदार वाद पेटला. त्यांचं मिटेपर्यंत मी तिथल्याच एका पायरीवर बिनकामाची, पाय पसरून बसले. मधूनमधून मीही माझं मत देत होते.