अपात्रे नामांकनम्

जानेवारी महिन्यात लॉस एंजेलिस नगरीत पहाटे साडेपाचाच्या सुमारास ऑस्कर पारितोषिकांच्या नामांकनांची यादी वाचली जाते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. आणि देवापुढे सांजवात लावण्याच्या त्या मुहूर्तावर इकडील चित्रपटशौकीन मंडळी ज्या निष्ठेने त्या यादीकडे डोळे लावून बसतात, तिचा शतांश जरी शुभंकरोतीच्या वाट्याला आला असता तरी वडीलधाऱ्यांची निम्मी तक्रार मिटली असती. यादी संपते न संपते तोच 'हा कसा काय आला?' असा पहिला हुंकार उठतो, पाठोपाठ 'आणि तो कुठे गेला?' असा दुसरा. आणि या दोन प्रश्नांच्या भांडवलावर प्रत्यक्ष समारंभापर्यंतचा सारा काळ बिनघोर निघून जातो.

आमचे नम्र मत असे की, ज्या वर्षी ही यादी सर्वस्वी न्याय्य निघेल ते वर्ष शौकिनांच्या इतिहासात दुष्काळाचे म्हणून नोंदले जाईल. पात्र नटाच्या पात्रतेविषयी किती वेळ बोलणार? 'उत्तम काम केले' एवढे म्हटले की विषय संपला. अपात्राची गोष्ट निराळी. त्याच्या अपात्रतेला शाखा फुटतात, उपशाखा फुटतात, तिच्यात पूर्वीच्या अपात्रांचे दाखले गुंफले जातात आणि अखेरीस ती एक प्रशस्त बखर होते. सबब अपात्र उमेदवार हा शौकिनांचा अन्नदाता असून त्याची निंदा करणाऱ्यांनी ती निदान कृतज्ञतेने करावी.

या बखरीतील आमचे आवडते प्रकरण 1961 च्या समारंभाचे. आदल्या वर्षी हिचकॉकचा 'सायको' प्रदर्शित झाला होता आणि न्हाणीघराचा पडदा ओढताना माणसे बिचकू लागली होती. तरीही उत्कृष्ट चित्रपटाच्या पाच जागांत त्यास जागा नव्हती, आणि ज्या संगीताने प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणला त्या बर्नार्ड हरमनच्या संगीतास तर साधे नामांकनही नव्हते. जागा मिळाली होती ती जॉन वेन यांनी स्वतः निर्माण केलेल्या, दिग्दर्शित केलेल्या आणि नायक म्हणून सजविलेल्या 'द अ‍ॅलामो'ला. त्यातील दुय्यम भूमिकेबद्दल चिल विल्स या नटाचे नाव यादीत आले आणि एवढ्यावर समाधान न मानता त्याच्या बाजूने व्यावसायिक वृत्तपत्रांत अशी एक जाहिरात झळकली की, टेक्सासच्या अ‍ॅलामो किल्ल्याच्या वेढ्यातील वीरांनी स्वतःच्या प्राणांसाठी जितकी प्रार्थना केली नसेल त्याहून अधिक कळकळीने 'अ‍ॅलामो'ची मंडळी विल्सच्या पारितोषिकासाठी प्रार्थना करीत आहेत. वेढ्यातील ते वीर 1836 साली मारले गेले होते, एवढा एक तपशील जाहिरातीच्या मसुदेकाराच्या ध्यानातून निसटला असावा. हा प्रकार खुद्द वेन यांनाही रुचला नाही आणि त्यांनी जाहीर निवेदन देऊन हात झटकले.

आणखी एका जाहिरातीत तर पारितोषिके देणाऱ्या अकादमीच्या मतदार सभासदांची नावे ओळीने छापून, जय होवो वा पराजय, तुम्ही सारे माझे चुलतभाऊ आहात, अशी प्रेमाची ग्वाही विल्सने दिली होती. त्यावर ग्राउचो मार्क्स या विनोदवीराने उलट जाहिरात देऊन कळविले की, आपला भाऊ होण्यात मला आनंदच आहे, मात्र मत मी सॅल मिनिओला दिले आहे. भाऊबंदकीचा मामला इतक्या थोडक्या शब्दांत निकालात काढल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आमच्याकडे याच कामास तीन पिढ्या आणि दोन वकील लागतात. पारितोषिक अखेर विल्स आणि मिनिओ या दोघाही स्पर्धकांस मागे टाकून पीटर उस्तिनॉव्ह यांनी नेले. त्याच रात्री उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान एलिझाबेथ टेलर यांस मिळाला, आणि तोही ज्या चित्रपटाविषयी त्यांना स्वतःला तिटकारा होता त्याबद्दल. परंतु नुकत्याच त्या न्यूमोनियाने मरणाच्या दारातून परतल्या होत्या, श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि मतदारांच्या कोमल अंतःकरणाने अभिनयाऐवजी प्रकृतीस कौल दिला, असा प्रवाद आजतागायत आहे.

शिफारशीच्या शास्त्रात पुढे पुष्कळ प्रगती झाली. 'डॉक्टर डूलिटल' हा प्रचंड खर्चाचा आणि त्याच प्रमाणात आपटलेला चित्रपट 1968 च्या यादीत नऊ नामांकने घेऊन अवतरला, 'बॉनी अँड क्लाइड' आणि 'द ग्रॅज्युएट' यांच्या पंक्तीस उत्कृष्ट चित्रपट म्हणून मांडी ठोकून बसला. कारण निर्मात्या कंपनीने सभासदांस खेळ दाखविताना सोबत भोजन आणि शॅम्पेनचीही चोख व्यवस्था ठेविली होती. उलटपक्षी 2014 साली ब्रूस ब्रॉटन या संगीतकाराने आपले गाणे ऐकावे अशी विनंती संगीत शाखेच्या काही सभासदांस ईमेलने केली, तर तो पूर्वीचा शाखाधिकारी असल्याने पदाचा गैरफायदा ठरून त्याचे नामांकन सपशेल रद्द झाले. मधल्या काळात नियम कडक झाले हे आम्हांस मान्य आहे; तथापि जेवू घालणाऱ्याचे नऊ खपतात आणि पत्र लिहिणाऱ्याचे एक खपत नाही, यातून नवोदितांनी काय तो बोध घ्यावा. 2023 मध्ये 'टू लेस्ली' या फारसा कोणी न पाहिलेल्या चित्रपटातील अँड्रिया राइजबरो हिच्यासाठी नामवंत नटनट्यांनी एकाएकी स्तुतिपाठ आरंभिले तेव्हाही रीतसर चौकशी बसली, आणि नामांकन कायम राहिले. तिचे काम खरोखरच चांगले होते, ही अडचण वादात कोणीच लक्षात घेतली नाही. पैशावाचून प्रचार नाही हे आपल्याकडे 2004 साली उमगले. 'श्वास' हा मराठी चित्रपट भारतातर्फे धाडला गेला तेव्हा खर्चासाठी लोकांनी वर्गणी जमविली, पण अंतिम पाचांत काही तो आला नाही.

एका अपात्राची कैफियत मात्र आम्ही मनापासून मांडू इच्छितो. एडी मर्फीच्या 'नॉर्बिट'ला ऑस्करचे नामांकन मिळाले, या वाक्यावर आजही हशा पिकतो. ते नामांकन रंगभूषेचे होते. तेथील प्राथमिक निवड बहुतांशी ज्या त्या कलेच्या शाखेकडे असते. रंगभूषाकारांनी रंगभूषा पाहिली आणि ती अव्वल होती. सुंदर वेष्टनात नासका माल आला म्हणून वेष्टन करणाऱ्यास दंड करणे कोणत्या कायद्यात बसते?

आता तर 2025 साली अकादमीने असे फर्मान काढले आहे की, अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यावयाचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेले असलेच पाहिजेत, आणि ते चित्रगृहात अथवा महोत्सवात पाहिले असल्यास कोठे व केव्हा पाहिले याचा फॉर्म भरून दिला पाहिजे. जवळजवळ शतकभर हा दंडक सरसकट नव्हता, हे त्या निमित्ताने जगजाहीर झाले. सभासदांवर हा बोजा पडला त्यास आमचा इलाज नाही. परंतु हाच जाबता वाद घालणाऱ्या शौकिनांस लागू करावा असा अर्ज कोणी केल्यास तो तत्काळ दप्तरदाखल करावा, अशी आमची विनंती आहे. कारण दहा चित्रपटांची अपात्रता ट्रेलरांच्या आधारे एका रात्रीत सिद्ध करणारे आमचे एक स्नेही त्यामुळे नाहक बेकार होतील, आणि त्यांना घरी सांभाळणे वहिनींना झेपणार नाही.