साडूभाऊंचा डबा

"तुम्ही चौघं दोन रात्री राहिलात ना, की माणशी रात्र साडेबावीस पौंडांच्या खाली येते," साडूभाऊ फोनवर म्हणाले. आमंत्रणाची ही तऱ्हा आता आमच्या अंगवळणी पडली आहे. मागून ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "अहो, आधी 'कसे आहात' तरी विचारा!" त्यावर साडूभाऊंनी "कसे आहात?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा शुक्रवार नक्की केला.

माझे साडू लेस्टरला राहतात आणि ऑडिटमध्ये नोकरी करतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्केगनेसजवळ समुद्रकाठी एक कॅरॅव्हॅन घेतली. अडतीस हजार पौंडांना. पार्कशी करार पंधरा वर्षांचा, म्हणून किंमत भागिले पंधरा. त्यात वर्षाची जागेची फी, गॅस, वीज आणि विमा मिळवला की येतात ७,६३० पौंड. या रकमेला तिथे कोण किती रात्री झोपलं त्या आकड्याने भागायचं. मार्चमधल्या पहिल्या शनिवार-रविवारनंतर, म्हणजे दोघांच्या दोन रात्री झाल्यावर, हा भागाकार १,९०७ पौंड येतो आणि साडूभाऊंची झोप उडते. तिथून पुढे त्यांचा सगळा उन्हाळा हा आकडा खाली ओढण्यात जातो. त्यांच्या एक्सेलमध्ये पाहुण्यांच्या नावांचा स्वतंत्र रकाना आहे. आम्ही तिथे 'मिल्टन कीन्स (४)' आहोत.

इंग्लंडात कॅरॅव्हॅनवाल्यांच्या दोन जाती. एक ओढणाऱ्यांची. हे मोटारीला डबा जोडून निघतात, मागे दीड मैल गाड्यांची रांग लावतात आणि आरशात तिच्याकडे न बघण्याचं कसब बाळगून असतात. मोटरवेवर त्यांना ताशी साठ मैलांच्या वर जायची आणि तीनपदरी रस्त्यावर उजव्या लेनमध्ये शिरायची मुभा नाही, पण ती हवी असलेला ओढणारा मी अजून पाहिला नाही. मुक्कामी पोचले की चहाच्या आधी पाणसळ बाहेर येते आणि डबा समपातळीत आहे की नाही यावर नवरा-बायकोचा पाऊण तास जातो. सकाळी हेच गृहस्थ ड्रेसिंग गाउनमध्ये, हातात संडासाची भरलेली पेटी घेऊन, ती रिकामी करायच्या जागेकडे निघतात. वाटेत तसाच दुसरा गृहस्थ भेटला की दोघे थांबून हवापाण्याच्या गप्पा मारतात. इतकी निर्विकार मुद्रा मी फक्त वारकऱ्यांच्या मुक्कामी पाहिली आहे, तीही पहाटेच्या अंधारात.

साडूभाऊंना हे जमण्यासारखं नव्हतं. "सुट्टीत संडास हातात घेऊन फिरायचा?" असं म्हणून ते दुसऱ्या जातीत गेले. ती बसणाऱ्यांची. या कॅरॅव्हॅनला स्टॅटिक म्हणतात. साडूभाऊंची पस्तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. एकदा ट्रकवरून आली, टेकवली, ती टेकवलीच. तरी खाली चाकं आहेत. हलवता येते ती कॅरॅव्हॅन, अशी इथल्या कायद्यातली व्याख्या असल्यामुळे चाकं काढत नाहीत, आणि ती दिसली तर बरं दिसत नाही म्हणून भोवती पांढऱ्या फळ्यांचा परकर नेसवावा लागतो. साडूभाऊ पाहुण्यांना एक फळी काढून चाकं दाखवतात. आम्ही तीनदा वाकून पाहिली आहेत.

वाकलेले असतानाच इतिहास ऐकावा लागतो. आरमारातून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी करून घेतली. मौजेखातर बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन हीच, असं मानतात. वजन दोन टन, ओढायला दोन घोडे, पुढे रस्ता मोकळा आहे का हे बघायला तीनचाकी सायकलवर नोकर, आत कुत्रा आणि काकाकुवा, असा लवाजमा घेऊन डॉक्टरसाहेब बर्कशरमधून थेट स्कॉटलंडात इन्व्हरनेसपर्यंत गेले. "विचार करा," साडूभाऊ म्हणतात, "पुढे सायकलवाला!" त्यांना त्या डॉक्टराचा हेवा वाटतो तो प्रवासासाठी नव्हे, हाताखाली माणूस होता म्हणून.

तर आम्ही शुक्रवारी निघालो. लिंकननंतर ए-१५८ लागतो. या रस्त्याला स्केगनेसखेरीज दुसरं काम नाही, आणि कोबी वाहणाऱ्या ट्रॅक्टरांना या रस्त्याखेरीज दुसरा रस्ता नाही. सुरुवातीला दोन्ही बाजूंना पोळपाटासारखी सपाट जमीन. हॉर्नकासल येईपर्यंत मुलांनी 'मावशीकडे वायफाय आहे का' हा प्रश्न अकरा वेळा विचारला.

स्केगनेस हे गाव कामगारांच्या सुट्टीवर उभं राहिलं. १८७३ साली रेल्वे आली. पुढे लेस्टरचे विणमालाचे कारखाने जुलैत पंधरा दिवस एकदम बंद व्हायचे आणि निम्मं लेस्टर इथे येऊन बसायचं. १९३६ साली बिली बटलिनने आपला पहिला हॉलिडे कॅम्प इथेच काढला. पण गावाचं खरं दैवत एक कोळी आहे. जॉन हॅसल या चित्रकाराने १९०८ साली रेल्वेसाठी केलेल्या पोस्टरवर एक गलेलठ्ठ कोळी वाळूत बागडतो आहे आणि इथली हवा फार तरतरी आणणारी आहे असा मजकूर आहे. त्या मजकुराच्या धोरणीपणाला तोड नाही. ऑगस्टमध्ये उत्तर समुद्रावरून येणारा वारा कानात शिरून दुसऱ्या कानातून बाहेर पडतो, त्याला 'तरतरी' म्हणायचं! आपल्याकडे मे महिन्यातल्या चंद्रपुराची जाहिरात 'उबदार' म्हणून करावी तसं.

पोचलो. साडूभाऊ दारातच. "चपला बाहेर नको, आत नको, मध्ये काढा." 'मध्ये' म्हणजे लाकडी डेकवर ठेवलेला एक प्लॅस्टिकचा ट्रे. आत ताईंनी कांदेपोहे करायला घेतले होते. मोहरीची फोडणी जेमतेम तडतडली आणि छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. कोणीही दचकलं नाही. साडूभाऊंनी सराईतपणे दाराआडचा टॉवेल घेतला, सोफ्यावर चढले आणि देवापुढे चवरी ढाळावी तसा टॉवेल हलवू लागले. त्याच पवित्र्यात त्यांनी आमच्या प्रवासाची चौकशी केली. घंटा थांबली, ते उतरले. ताईंनी कढीपत्ता टाकला, ते पुन्हा चढले. कंपनीला कळवलं होतं म्हणे. कंपनीने एवढंच विचारलं, की तुम्ही नेमकं काय जाळता?

शनिवारी सकाळी माझ्या अंगाला साबण आणि गरम पाणी गेलं, अशी वेळ आली. गॅस संपण्याची वेळ ठरलेली आहे. डोक्याला शॅम्पू लावलेला पाहुणा आत असावा लागतो. बाहेर सत्तेचाळीस किलोचे दोन लाल सिलिंडर उभे असतात. गिरगावात साडूभाऊंच्या आई, म्हणजे माई, सिलिंडर उचलून पाहायच्या आणि 'गुरुवारपर्यंत पुरेल' असं सांगायच्या. हे धूड उचलता येत नाही. साडूभाऊ किटलीतलं गरम पाणी त्यावर ओततात आणि वैद्याने पोट तपासावं तसा वरून खाली हात फिरवतात. जिथे गार लागतं तिथपर्यंत गॅस. मी पंचा गुंडाळून दारात उभा, ते पावसात सिलिंडर चाचपताहेत. "घोट्यापर्यंत आहे!" ते ओरडले. कोणाच्या, ते सांगितलं नाही.

शेजारी नॉटिंगहॅमचं एक निवृत्त जोडपं असतं. नवऱ्याचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. वर्षातले आठ महिने दोघं इथेच. दोन चटयांएवढं गवत तो कात्रीने कापतो आणि ती प्लॅस्टिकच्या बुटक्यांच्या टोप्या पुसते. पहिल्या दिवशी तिने साडूभाऊंना "एऽ अप, मी डक!" अशी हाक मारली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपल्याला कोणी तोंडावर बदक म्हटलेलं नव्हतं, म्हणून साडूभाऊ तेव्हा गप्प झाले होते. लेस्टरच्या ऑफिसात सगळे मोजूनमापून बोलतात, त्यामुळे ही त्या भागातली मायेची हाक आहे हे त्यांना कळायला एक आठवडा लागला. आता ते मला आणि गॅसवाल्यालाही डक म्हणतात. ताईंनाही म्हणायचे; त्यांनी एकदाच उलट विचारलं, "मग तुम्ही कोण?" तेव्हापासून घरात नाही म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात माई आल्या होत्या. त्यांनी डेकवर खुर्ची टाकली, समोरच्या रांगेतल्या बायका एकमेकींना वाटी-वाटी साखर देताना पाहिल्या, नळावरचं भांडण ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या रांगेतल्या सगळ्यांची आजारपणं त्यांना तोंडपाठ होती. भाषा न येता. मग त्यांनी मुलाला व्यवहार विचारला. डबा आपला? हो. खालची जमीन? पार्कची. भाडं? दर वर्षी, वाढत जाणारं. विकायचा झाला तर? आधी पार्कला विचारायचं, आणि विक्रीतले पंधरा टक्के त्यांचे.

"म्हणजे पागडी," माई म्हणाल्या.

"पागडी नव्हे गं, लायसन्स ॲग्रीमेंट."

"आणि पंधरा वर्षांनी?"

"डबा उचलावा लागतो."

माई थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिल्या. "गिरगावात मालकाने अजून तरी आपल्याला खोली उचलून न्यायला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. साडूभाऊंनी त्यांच्या नावे त्या दिवशीची रात्र लिहून टाकली.

माझ्या मते माईंचं एक चुकलं. साडूभाऊंना व्यवहार कळत नाही असं नाही. दुसऱ्यांच्या व्यवहारातल्या चुका काढण्यावर तर त्यांचं घर चालतं. पण या माणसाला दुसऱ्याच्या जागी पाहुणा म्हणून बसता येत नाही. हॉटेलात ते उशी मांडीवर घेऊन अवघडून बसतात आणि निघताना स्वतः चादरीच्या घड्या घालतात. त्यांना "या, बसा, आपलंच आहे" म्हणायला एक जागा हवी होती. कर्जतला फार्महाऊस घेणारे आणि हे एकाच कुळातले. फार्महाऊसवाला आंब्याचं झाड दाखवतो, हे चाकं दाखवतात.

बसणाऱ्यांच्या जातीत गेले खरे, पण ते बसत मात्र नाहीत. दोन दिवसांत मी त्यांना टेकलेलं पाहिलं ते एकदाच, डेकचा सैल खिळा ठोकताना. बाकी वेळ पन्हळीतली पानं काढ, खिडकीच्या रबराला पावडर लाव, पडद्यामागे ओल आली का ते हात लावून बघ. समुद्र तीनशे पावलांवर. मी म्हटलं, चला, जाऊन येऊ. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले, "एवढं सिलिकॉन वाळलं की आलोच." आम्ही गेलो. वाळूवर माणसं कमी, आणि समोर मोटारी लावून आत थर्मासमधला चहा पीत, काचेवरचे वायपर चालू ठेवून समुद्र बघणारे जास्त होते. परत आलो तर सिलिकॉन वाळलं नव्हतं आणि साडूभाऊ त्याच्याकडे बघत उभे होते. चेहऱ्यावर अशी तृप्ती, की मला थोडा मत्सर वाटला.

ऑक्टोबरअखेर पार्क बंद होतं. या किनाऱ्याला समुद्राची धास्ती जुनी आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र आत घुसला होता आणि इंग्लंडात तीनशेवर माणसं गेली. त्यामुळे हिवाळ्यात इथे कोणी झोपायचं नाही. बंद करण्याचा विधी दोन दिवस चालतो. पाइपात पाणी राहिलं तर गोठून फुटतात, म्हणून थेंब न थेंब काढायचा. साडूभाऊ शेवटी नळाला तोंड लावून फुंकतात. गाद्या भिंतीपासून सुट्या उभ्या करायच्या, कपाटांची दारं सताड उघडी. ओल शोषायला प्रत्येक खोलीत मिठाचं भांडं. ताई मीठ ठेवताना दरवर्षी पुटपुटतात, "आल्या-गेल्याची, डकाची, बदकाची..." साडूभाऊ म्हणतात ही दृष्ट नाही, शास्त्र आहे.

आम्ही गेलो त्या वर्षी दिवाळीलाही त्यांनी माणसं गोळा केली. तरीही शेवटचा मुक्काम संपला तेव्हा भागाकार २०.०३ वर थांबला. वीसच्या खाली जाणं तीन पेन्सांनी हुकलं. साडूभाऊ आठवडाभर नीट जेवले नाहीत असं ताई सांगत होत्या. आणखी एक माणूस, एक रात्र, एवढाच प्रश्न होता.

डिसेंबरात एका रात्री वादळाचा इशारा आला. मी झोपलो होतो. सकाळी सातला साडूभाऊंचा फोन. आवाज बसलेला आणि मागे वाऱ्याची शीळ.

"कुठे आहात?"

"स्केगनेसला. रात्री बाराला पोचलो. वारा ऐंशी मैल म्हणत होते, म्हटलं साखळ्या सुटल्या तर? डबा जाईल कुठे तरी."

"मग?"

"रखवालदार आत सोडेना. पार्क बंद आहे म्हणे. गेटाबाहेरच गाडी लावून बसलो. मग उजाडल्यावर त्या जाळीवर चढलो, तर तिसऱ्या रांगेत दिसली. आहे जागेवर." मिनिटभर ते काही बोलले नाहीत. नाक शिंकरल्यासारखा आवाज आला, थंडी असेल. मग गळा साफ करून, ऑफिसात वापरतात त्या आवाजात त्यांनी विचारलं,

"साडूभाऊ, तुमचं प्रामाणिक मत सांगा. झोपलो गाडीतच, पण गेट पार्कचंच आहे. ही रात्र धरायची का हो? १९.९७ येतंय."