उत्पन्नमर्यादाबाई, तुमचं त्रिवार अभिनंदन!

प्रति,
माननीय श्रीमती उत्पन्नमर्यादा,
संजय गांधी निराधार अनुदान योजना,
मुक्काम: अर्जातला उत्पन्नाचा रकाना.

विषय: संगमनगरच्या एका तरुणाला नोकरीपासून वाचवल्याबद्दल आभार.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळवण्यास अत्यानंद होतो की, अँटॉप हिल परिसरातला आणखी एक धडधाकट कामगार आपण यशस्वीरीत्या कागदोपत्री निकामी ठेवला आहे. या कामगिरीची दखल कोणी घेणार नाही, म्हणून मीच घेतो.

माझी ओळख: सेवानिवृत्त कारकून. नोकरी केंद्र सरकारची आणि बिऱ्हाड सीजीएस कॉलनीत. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, पण हा भाग काही सोडवला नाही. हल्ली शेख मिस्री दर्ग्याच्या अलीकडे राहतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. जन्मभर नियमांची भाषा लिहिली, त्यामुळे तुमच्याशी तुमच्याच भाषेत बोलता येतं.

तर तो तरुण. वय चोवीस, ऑटिझम, प्रमाणपत्रावर सत्तर टक्के. वडील नाहीत. आई हिंदू कॉलनीत चार घरी पोळ्या करते. वडाळ्याच्या एका गोदामात त्याला काम मिळालं: औषधांच्या खोक्यांवर लेबलं चिकटवायची आणि खोकी मोजून रचायची, अकरा ते तीन. पहिल्याच आठवड्यात एक खोकं तो रांगेत ठेवायलाच तयार होईना. मुकादम ओरडला, तसे त्याने दोन्ही कानांवर हात घेतले, पण खोकं सोडलं नाही. शेवटी मालकाने ते उघडलं, तर आत दोन पाकिटं कमी. त्या दिवसापासून मुकादमाला त्याच्याशी हळू आवाजात बोलण्याची ताकीद मिळाली आणि पगार ठरला महिना सहा हजार.

मला वाटलं, आता पेढे येणार. आईने मला बाजूला घेतलं.

"काका, पगार हातात द्यायला सांगा ना त्यांना. खात्यात नको. खातं निराधारचं आहे."

बाई, इथे तुमचा प्रवेश होतो.

तुमचा नियम सरळ आहे. दिव्यांगाला अनुदान हवं तर अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत हवं. म्हणजे दिवसाला १३७ रुपये. त्यात भाडं, किराणा, औषधं, लोकलचा पास आणि सणवार. मुंबईत इतक्यात जगणारं कुटुंब शोधून काढणं हीच खरं तर एक सरकारी योजना व्हायला हवी. पण तुमच्या कृपेने अशी कुटुंबं कागदावर हवी तितकी सापडतात. माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या दाखल्यांवर गरिबी बहुतेक ४८,००० ला येऊन थांबते. ना खाली, ना वर. एवढी शिस्त आम्हा मुंबईकरांनी रांगेतसुद्धा कधी दाखवली नसेल. पोळ्या करणाऱ्या बाईला खोटं बोलायला शिकवायचं आणि मग तिच्याकडून दरसाल ताजा दाखला मागायचा, हे कसब तुमचंच.

आता त्या मुलाचे सहा हजार गुणिले बारा करा. होतात ७२,०००. म्हणजे आईने एकही पोळी लाटली नाही तरी एकट्याच्या पगाराने तो तुमच्या रेषेपार. तिथे गेला की अनुदान बंद. ऑक्टोबर २०२५ पासून ते महिना २,५०० झालं आहे, त्याबद्दल सरकारचे आभार मानायलाच हवेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार दिव्यांगांचं साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवं. तरी २०२३ मध्ये सगळ्यांचे १,५०० झाले तेव्हा दिव्यांगांच्या हातीही १,५०० च पडले होते. आता ती चूक दुरुस्त झाली. फक्त तुम्ही होतात तिथेच आहात.

शेजारच्या घरात डोकावलात तर तुमचीच तुम्हाला लाज वाटेल. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे त्याच आईला, त्याच चुलीवर, त्याच पत्त्यावर अडीच लाखांपर्यंत गरीब मानता येतं, पण तिच्या स्वमग्न मुलाला गरीब ठरायचं तर पन्नास हजारांतच बसावं लागतं. एका घरात दोन गरिबी मावतात, हे अर्थशास्त्र आम्हाला तुमच्यामुळे कळलं.

बरं, हे अडीच हजार पुरतात कशाला? थेरपीच्या दोन-चार बैठकांत संपतात. महापालिकेच्या दिव्यांग अर्थसहाय्यातून ४० ते ८० टक्केवाल्यांना महिना हजार आणि ८० च्या वर तीन हजार मिळतात. सत्तर टक्क्यांवर तो हजारातच अडकतो. त्यामुळे आई-बापांची खरी धडपड टक्क्यांसाठी असते. ऑटिझम मोजायला आपल्याकडे ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे: डोळ्यांत बघतो का, हाकेला वळतो का, बदल सोसवतो का. या पोराला शाळेत बाईंनी वर्षभर घोकून घेऊन 'गुड मॉर्निंग, डॉक्टर' शिकवलं होतं. एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारा तो नेमका तपासणीच्या दिवशी ते खणखणीत बोलला आणि आईचा चेहरा पडला. पोरगं नीट बोललं म्हणून आई घाबरावी, अशी परीक्षा घेणारं दुसरं बोर्ड या राज्यात नसेल.

या प्रमाणपत्राची गंमत पुढेच आहे. तेच कार्ड घेऊन तो तुमच्या खिडकीवर जातो तेव्हा त्याने हताश दिसायचं असतं. तेच कार्ड घेऊन नोकरीच्या खिडकीवर गेला की सक्षम दिसायचं असतं. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी त्यावरचा पहिला लेख १९४३ मध्येच लिहिला होता, पण टपाल उशिरा पोचलं असावं. २०१६ च्या कायद्याने ती उणीव भरून काढली आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा ठेवल्या. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने दिव्यांगांना जमतील अशी ३,५६६ पदं अधिसूचित केली. म्हणजे दिल्लीत कोणीतरी बसून ठरवलं की, ही माणसं काम करू शकतात. आणि इथे तुम्ही बसून ठरवता की, करू लागली तर बघून घेऊ. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, म्हणतात ते असं.

तुमची थोरली बहीण आमच्या जुन्या कॉलनीत राहते. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनात तिचा मुक्काम आहे. कर्मचाऱ्याच्या मागे त्याच्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर पेन्शन मिळते. अट एवढीच की, अपंगत्व असं हवं, ज्याने त्याला पोटापुरतं कमावता येणार नाही. ही सोय मोलाची आहे, त्यावर टीका करणार नाही. आमच्यासारख्यांच्या घरी रात्री झोप लागते ती तिच्यामुळे. पूर्वी तिची रेषा ९,००० अधिक महागाई अशी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती शहाणी झाली: आता मुलाचं इतर उत्पन्न कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई, याहून कमी असलं की चालतं. थोडंफार कमावलं तर चालेल, एवढं तरी तिने मान्य केलं. पण वैद्यकीय मंडळाच्या कागदावर मात्र 'कमावू शकत नाही' हेच लागतं. म्हणून माझा एक जुना सहकारी, निवृत्तीला आलेला, मुलीला शिवणवर्गातून थेट घरी आणून बसवतो. दुकानदाराने तिला कापड बेतायला ठेवायची तयारी दाखवली, तर म्हणाला, "नको रे बाबा. उद्या कोणी पगाराची पावती पुढे केली तर?" शंभर रुपयांची पावती फाटेल या भीतीने मुलीचे हात रिकामे. तुमच्या बहिणीने दार उघडलंय खरं, पण आत यायला कोणाचा जीव धजत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काम नाही केलं तर बिघडलं कुठे? अगदी खरं. काही बिघडत नाही. ज्यांना काम झेपत नाही, त्यांना जन्मभर सांभाळणं हे समाजाचं कर्तव्यच आहे. त्यांच्या मदतीला कोणी भीक म्हणू नये आणि 'कामाला लावा, म्हणजे सुधारेल' असले सल्ले तर मुळीच देऊ नयेत. संगमनगरात असे सल्लागार दर चार घरांमागे एक आहेत. प्रश्न त्यांचा आहे, ज्यांना काम झेपतं, पण सलग झेपत नाही. ऑटिझममध्ये हेच होतं. सहा महिने उत्तम चालतं, मग मुकादम बदलतो, बसायची जागा बदलते, पावसात हार्बर लाइन तासभर अडकते, आणि माणूस दोन महिने घराबाहेर पडत नाही. अशा वेळी त्याला आधार लागतो तो अनुदानाचा. तुमच्या डोक्यात मात्र माणूस एक तर कायमचा समर्थ किंवा कायमचा असमर्थ. मधल्यासाठी रकानाच नाही.

आणि काम जमतं, हे काही आम्ही आत्ता सिद्ध करत नाही. शिवडीच्या टेकडीवर अशा मुलांसाठी जय वकील संस्था आहे. तिची सुरुवात १९४४ ची, म्हणजे आपण स्वतंत्र होण्याआधीची. महालक्ष्मीला ओम क्रिएशन्सच्या मुली-बायका खाऊ आणि वस्तू बनवून विकतात. जुहूला कॅफे अर्पण २०१८ पासून असेच तरुण चालवतात. अँटॉप हिलहून जुहूला रोज जाणं आमच्या पोराला जमायचं नाही, पण त्याच्यासाठी वडाळ्याचं गोदाम आहे. तिथपर्यंत तो चालत जातो.

परदेशात तुमच्या नात्यातल्या कमी नाहीत. अमेरिकेत अशाच एका दिव्यांग भत्त्यासाठी बँकेत २,००० डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही, आणि हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. तुम्हाला ऐकून बरं वाटलं असेल. पण त्यांनीसुद्धा एक शहाणपण ठेवलंय: कमाईतले पहिले ६५ डॉलर सोडून देतात आणि पुढच्या दर दोन डॉलरमागे भत्त्यातला एकच कापतात. म्हणजे काम केलं तर हातात जास्तच पडतं, कमी कधीच नाही. ब्रिटनमध्ये तर २०१३ पासून असा एक भत्ता आहे की माणूस नोकरी करतो का, हे त्यात पाहतच नाहीत. अपंगत्वामुळे वाढणारा खर्च भरून निघावा, एवढंच पाहतात. घरापासून लांब जायची गरज नाही. आपल्याच प्राप्तिकरात जुन्या पद्धतीनुसार कमावत्या दिव्यांगाला ७५,००० ची आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची सूट मिळते. कर भरण्याइतकं कमावणाऱ्याला सरकार म्हणतं, तुझा खर्च जास्त आहे, ही घे सूट. गोदामात सहा हजारांवर राबणाऱ्याला म्हणतं, तू कमावतोस, आण ते अडीच हजार परत. गरिबाला शिक्षा आणि श्रीमंताला सवलत, हे एकाच सरकारच्या दोन खिडक्यांवर बिनबोभाट चालतं.

आता त्या तरुणाचं पुढे काय झालं, ते सांगतो, कारण श्रेय तुमचंच आहे. मालक भला माणूस. पगार पाकिटात देतो. त्यासाठी हजेरीपटावर नाव नाही. नाव नाही म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, हात खोक्याखाली आला तर भरपाई नाही, उद्या दुसरीकडे जायचं झालं तर अनुभवाचा दाखला नाही. तो रोज अकरा ते तीन काम करतो आणि सरकारच्या दृष्टीने रोज अकरा ते तीन घरी बसलेला असतो. दरमहा अडीच हजार वाचवायला त्याने आयुष्यभराची नोकरी लपवली. हा सौदा कोणाच्या फायद्याचा झाला, हे हिशेबनीसाला विचारून पाहा.

तेव्हा विनंती अशी की, दिव्यांगाच्या अनुदानासाठी निदान त्याचं स्वतःचं उत्पन्न पाहावं, आईच्या पोळ्या मोजू नयेत. त्याने कमावायला सुरुवात केली तर रक्कम टप्प्याटप्प्याने कमी व्हावी, एका दमात बंद नको. काम सुटलं तर नवा अर्ज, नवी तपासणी, नवा दाखला न मागता अनुदान पूर्ववत व्हावं. आणि हे काही जमण्यासारखं नसेल, तर निदान तुमचा आकडा लाडक्या बहिणीच्या बरोबरीला तरी आणावा. भावाने बहिणीच्या पाचव्या हिश्शावर गरीब राहावं, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

यावर योग्य ती कार्यवाही होईपर्यंत आम्ही नियमाप्रमाणे खोटं बोलत राहू. पुन्हा उत्पन्नाचा दाखला लागणारच आहे. तो नेहमीप्रमाणे ४८,००० चा असेल.

आपला आज्ञाधारक,
एक सेवानिवृत्त कारकून,
अँटॉप हिल, मुंबई.

प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी: थोरली बहीण, कुटुंब निवृत्तिवेतन विभाग. त्यांनी निदान धाकटीला दोन शब्द समजावून सांगावेत.