लिंबू न पिळणारा जावई

लिंबू पिळायला आमच्या घरी आजवर दोनच साधनं होती. एक आईची मूठ. आणि आईचे सांधे धरले की ॲल्युमिनियमची ती दोन दांड्यांची पिळणी, जी निम्मा रस भांड्यात सोडते आणि उरलेला पिळणाऱ्याच्या डोळ्यात. तिसरं साधन मिलानहून आलं, टॉवेलात गुंडाळून.

आणणारा माझा भाचा. तो तिकडे डिझाइन शिकतो. म्हणजे नक्की काय शिकतो हे माझ्या बहिणीला अजून शेजाऱ्यांना सांगता येत नाही. ‘इंजिनिअरिंगसारखंच असतं’ एवढ्यावर ती भागवते. सुट्टीत तो आमच्याकडे ठाण्याला राहायला आला आणि टॉवेल सोडून त्यानं ती वस्तू डायनिंग टेबलावर उभी केली. तीन लांब काटकुळे पाय, ढोपरात मुडपलेले. त्यांवर खाली निमुळतं होत गेलेलं, उभ्या पन्हळींचं चकचकीत डोकं. उंची २९ सेंटिमीटर. बायकोनं आधी चप्पल हातात घेतली.

“मामी, थांब! हा ज्यूसी सालिफ आहे.”

“चावतो?”

“पिळतो. लिंबू.”

मग भाच्यानं कीर्तनाच्या थाटात आख्यान लावलं. इटलीच्या अलेस्सी कंपनीनं फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरला ट्रे करायला सांगितला होता. स्टार्क सुट्टीला काप्राइया बेटावर गेला, तिथे पिझ्झाच्या हॉटेलात माकूल खायला बसला, माकुलावर लिंबू हवं झालं आणि ताटाखालच्या कागदावरच तो चित्रं काढत सुटला. कागद अलेस्सीकडे पोचला. ट्रे राहिला बाजूला आणि १९९० साली लिंबू पिळणी बाजारात आली. आमच्याकडे सुताराला पाट सांगितला आणि त्यानं चौरंग आणून ठेवला, तर पुढचे सहा महिने फोनवर भांडण चालतं. अलेस्सीनं भांडण केलं नाही. म्हणून ती पिळणी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे आणि आमचा चौरंग गॅलरीत कुंडीखाली.

आईनं ती वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“रस कुठून पडतो रे?”

“या पन्हळींतून, आजी. खाली ग्लास ठेवायचा.”

“आणि बिया?”

“त्या पण ग्लासात.”

“गाळणं?”

“नाहीये.”

आईनं ती अलगद टेबलावर ठेवली. “मग हे पिळायला नाहीये,” ती म्हणाली. “हे ठेवायला आहे.”

डिझाइनचे अभ्यासक ज्या मुक्कामाला जाडजूड ग्रंथ लिहून पोचले, तिथे आई चहा निवायच्या आत पोचली होती. कारण खुद्द स्टार्कचंही म्हणणं हेच आहे. त्यानं दिलेला खुलासा असा: नवं लग्न झालेलं जोडपं मुलाच्या आईवडिलांना जेवायला बोलावतं. बापलेक टीव्हीवर फुटबॉल बघत बसतात. स्वयंपाकघरात सासू आणि सून पहिल्यांदाच एकट्या, बोलायला विषय नाही. तेवढ्यात सासूची नजर या तीन पायांच्या प्राण्यावर पडते आणि बोलणं सुरू होतं. म्हणजे ही पिळणी आहे ती संभाषणासाठी. फ्रेंच सासवांबद्दल मला आदर आहे. पण सुनेच्या स्वयंपाकघरात उभं राहून विषय सुचत नाही अशी सासू आमच्या सात पिढ्यांत झालेली नाही. आमच्याकडे संभाषण थांबवणारी एखादी वस्तू कुणी काढली, तर तिला रांग लागेल.

पुढे या पिळणीला १० वर्षं झाल्याबद्दल सोन्याचा मुलामा दिलेली खास आवृत्ती निघाली. तिच्याबाबत सूचना होती की हिच्यावर लिंबू पिळू नये, आम्लानं मुलामा खराब होतो. आणि डोनाल्ड नॉर्मन? रोजच्या वापरातल्या वस्तू वापरायला सोप्या का नसतात, यावर ज्या गृहस्थानं १९८८ साली पुस्तक लिहून जगभरच्या दारांना, नळांना आणि शेगड्यांना फैलावर घेतलं, त्यानं ही मुलामावाली पिळणी विकत घेतली आणि दिवाणखान्याच्या वाटेवर, दारातून येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. मोह न आवरून एकदा तिच्यावर रस काढलाच, हे त्यानंच पुढच्या एका पुस्तकात कबूल केलं आहे.

एवढं ऐकल्यावर मला या पाहुण्याची ओळख पटली. घरात यायचं, हॉलमध्ये मानाच्या जागी बसायचं, कामाला हात लावायचा नाही, लावू लागलं तर घरच्यांनीच ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणायचं, आणि अधिक महिना आला की अंगावर सोनं चढवून घ्यायचं. हा जावई आहे. खुर्च्या-टेबलं, कपाटं-फडताळं ही पूर्वी घरची गडीमाणसं होती; दिवसभर राबायची आणि कोपऱ्यात पडायची. नव्या जमान्याचं कल्पक फर्निचर जावई होऊन येतं. मीही कुणाचा तरी जावई असल्यामुळे हे मत पूर्ण अनुभवाचं आहे. आईला मात्र हा सिद्धांत मी सांगितला नाही. तिचा स्वतःचा जावई, म्हणजे भाच्याचे वडील, आमच्या घरात आजवर पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलून प्यायलेले नाहीत. पण आईनं त्यांच्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही.

रात्री भाच्यानं फोन टीव्हीला जोडला आणि युरोपातले उरलेले जावई दाखवायला घेतले.

पहिला आला घोडा. स्वीडनच्या फ्रंट या गटातल्या डिझायनर मैत्रिणींनी मोओई या डच कंपनीसाठी २००६ साली केलेला दिवा: खऱ्या घोड्याएवढा काळा घोडा, चार पायांवर उभा, आणि त्याच्या डोक्यावर लॅम्पशेड. बायकोनं व्यवहाराचा प्रश्न विचारला, लिफ्टमध्ये मावेल का. माझ्या मनात सोसायटीची नियमावली आली. तिच्यात कुत्र्यांबद्दल दीड पान आहे, घोड्यांबद्दल अक्षर नाही. आईनं हात जोडले. आमचं कुलदैवत खंडोबा. “घोडा आलाय,” ती म्हणाली, “देव मागून येतोय का?”

मग ड्रूग या डच मंडळींची खुर्ची. तिचा कर्ता मराइन फान डेर पोल, साल २०००. तुम्हाला मिळतो स्टीलच्या पत्र्याचा एक पोकळ चौकोनी ठोकळा आणि सोबत एक घण. बसायची जागा तुम्ही ठोकून ठोकून करायची. “ग्राहकच निर्माता होतो,” भाचा म्हणाला. पुण्यात कसब्याच्या तांबट आळीत माझी आत्या राहायची. तिच्याकडे गेलं की दिवसभर मठारकामाचे ठोके कानात घुमायचे. त्या ठोक्यांचे पैसे तांबट घ्यायचा. डच लोकांनी ठोके आपल्याकडून मारून घ्यायचे आणि वर पैसेही आपल्याकडूनच घ्यायचे अशी सोय काढली, म्हणजे धंद्याची अक्कल कुणाकडे जास्त ते उघड आहे. तरी खरं सांगतो, ही खुर्ची मला मनापासून आवडली. हाउसिंग लोनचा हप्ता गेल्याचा एसएमएस आला की घण घेऊन जिच्यासमोर उभं राहावं, अशी दुसरी वस्तू आमच्या घरात नाही.

टेयो रेमीचं १९९१ चं ड्रॉवरांचं कपाट आईला ओळखीचं वाटलं. त्यानं कुठलेकुठले जुने ड्रॉवर गोळा केले, प्रत्येकाला मेपलची नवी चौकट केली आणि वेडावाकडा ढीग रचून भोवती एक पट्टा आवळला. “बदलीचं सामान,” आई म्हणाली. बाबांच्या नोकरीत तिनं असलं कपाट टेम्पोत चढताना अनेकदा पाहिलं होतं. फक्त तेव्हा ते दुसऱ्या गावी पोचल्यावर सोडायची पद्धत होती.

भाच्याचं खरं दैवत मात्र एत्तोरे सॉत्सास. १९६१ साली हा इटालियन भारत फिरून गेला होता. पुढे १९८१ मध्ये मिलानला त्यानं आणि त्याच्या तरुण मित्रांनी मेम्फिस नावाखाली पहिलं प्रदर्शन मांडलं आणि सभ्य, करड्या, गुळगुळीत फर्निचरची झोप उडवली. त्यातलं ‘कार्लटन’ हे सॉत्सासचं पुस्तकांचं कपाट म्हणजे लाल, पिवळे, हिरवे पत्ते दाही दिशांना हात पसरून उभे. निम्मे कप्पे तिरके. आणि एवढा थाट कशाचा, तर वर प्लास्टिकचं लॅमिनेट.

“म्हणजे सनमायका?” मी विचारलं.

भाच्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. पण नाइलाज होता, सनमायकाच. चहाच्या टपरीवरचा, कॅन्टीनमधला, बँकेच्या काउंटरवरचा हा गरीब पदार्थ उचलून सॉत्सासनं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेला, हीच तर त्याची खोडी. ती मला कळते आणि आवडतेही. दुःख एवढंच, की आमच्या मिस्त्रीनं बेडरूममधला एक कप्पा तिरका केला आणि त्यावर नको तो हिरवा सनमायका मारला, तेव्हा त्याच्याजवळ इटालियन आडनाव नव्हतं. त्याचे शेवटच्या हप्त्याचे पैसे आम्ही अजून दिलेले नाहीत.

या कार्लटनचं पुढे काय झालं? मार्टेन बास या डच तरुणानं ते जाळलं. २००२ साली त्यानं आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीतल्या पदवीसाठी फर्निचर ब्लोटॉर्चनं कोळसा होईपर्यंत भाजलं आणि तो कोळसा राळेच्या लेपानं पक्का केला. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्यानं विसाव्या शतकातल्या भल्याभल्यांच्या खुर्च्या-कपाटं अशीच करपवून मांडली, त्यात कार्लटनही होतं. बायको एवढा वेळ मोबाइलमध्ये होती. ‘करपवलं’ म्हटल्यावर तिनं मान वर केली. “आणि लोकांनी नावाजलं?” तिनं विचारलं. “कुणी नाव नाही ठेवलं?” मी टीव्हीकडे बघत राहिलो.

याच बासचं आम्स्टरडॅमच्या स्कीपॉल विमानतळावर २०१६ पासून टांगलेलं घड्याळ मात्र मला बाकी सगळ्यांपेक्षा सरस वाटतं. दुधी काचेमागे निळ्या डांगरीतला एक माणूस उभा दिसतो. तो मिनिटकाटा रंगवतो, मिनिटभरानं पुसतो, पुढचा रंगवतो. खरं म्हणजे तो १२ तासांचा चित्रपट आहे, पण बघणाऱ्याला वाटतं माणूस आतच आहे. संबंध रात्रीच्या कार्यक्रमात अंग मोडून काम करणारा हा एकटाच भेटला. आईला त्याची काळजी लागली. “जेवायला कधी जातो?” तिनं दोनदा विचारलं.

शेवटी भाच्यानं अथेन्सच्या कातेरिना काम्प्रानीच्या वस्तू काढल्या. ही बाई मुद्दाम निरुपयोगी वस्तू रचते: दोन्ही कान एकाच बाजूला असलेलं पातेलं, पुढून बोटं उघडी राहणारे गमबूट, आणि तोंड मागे वळून स्वतःकडेच बघणारी झाडांना पाणी घालायची झारी. आपल्याकडे झारी अडवायला निदान शुक्राचार्यांना आत शिरावं लागलं होतं. मला ही बाई बाकीच्यांहून प्रामाणिक वाटते. वस्तू चालत नाही हे ती पहिल्याच वाक्यात सांगते.

टीव्ही बंद झाल्यावर आईनं हॉलमधली शोकेस उघडली. तिच्यात शिंपल्यांचा गणपती, आग्र्याचा ताजमहाल, बाबांच्या निरोप समारंभातली ट्रॉफी, प्लास्टिकच्या पिशवीतून जन्मात बाहेर न आलेली बाहुली आणि माझ्या लग्नात आलेला सोनेरी कडांचा टी-सेट. तो ‘पाहुण्यांसाठी’ आहे. त्यातून चहा प्यावा अशा योग्यतेचा पाहुणा अजून आलेला नाही. घोड्यावरून कुणी आलं तर बघू. आईनं ताजमहाल बोटभर सरकवला आणि स्टार्कच्या पिळणीला गणपतीशेजारी उभं केलं. जागा अशी बेतशीर झाली, की जणू ती शोकेस तिच्यासाठीच केली होती.

चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतात फिरलं आणि १९५८ साली त्यांनी अहवाल लिहिला, त्यात आपल्या तांब्याचं तोंड भरून कौतुक केलं. हाताला कसा बसतो, पाणी कसं ओततो, रिकामा आणि भरलेला तोल कसा सांभाळतो. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. सगळं खरं, पण हे पाहुणे तांब्या बघून गेले. मराठी मध्यमवर्गाची शोकेस त्यांच्या नजरेस पडली असती, तर वापरायच्या नसलेल्या वस्तू जपण्यात आपण मिलानच्या किती पुढे आहोत, यावर अहवालात एक वेगळं प्रकरण आलं असतं.

सकाळी भाचा उठला तेव्हा आई स्वयंपाकघरात खाली बसून विळीवर भेंडी चिरत होती. तो दारातच थबकला. लहानपणापासून पाहिलेली विळी त्याला मिलानहून आल्यावर पहिल्यांदा दिसली असावी. पातं जागेवर, भाजी फिरते. एक पाय पाटावर, म्हणून हात दोन्ही मोकळे. टोकाला खवणी. काम झालं की पातं दुमडून कोनाड्यात. आणि डिझायनरचं नाव कुठंच नाही. त्यानं चारी बाजूंनी फोटो घेतले, आडवा झोपूनही घेतला.

“आजी, मी ही करणार. अक्रोडाचा पाट, ब्रश केलेलं पितळ. तिकडे लोक वेडे होतील.”

“आणि पातं?”

“पातं नसेल. तिकडे सुरक्षेचे नियम कडक असतात. नुसता पात्याचा भास.”

“किंमत?”

“तीनशे युरो तर कुठेच गेले नाहीत.”

बायकोनं मनात शंभरनं गुणलं आणि गॅस बारीक केला. आईनं भेंडी ताटलीत सारली, नारळाची वाटी घेतली आणि खवायला सुरुवात केली.

“पातं नाही, बसायला पाट मात्र भारी,” ती म्हणाली. “पहिली तुझ्या बाबांना दे. त्यांना छान जमेल.”